कानोसा

वाटीत चमचा वाजला आणि मी जागी झाले.

रात्रभर कालव्याच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर गेले असणार, कर्णे लावून, गाणी वाजवत. त्यातलं मला काही ऐकू आलं नव्हतं. पण चमचा वाटीला लागला, किण्, एवढासा, आणि माझे डोळे उघडले. जुई झाल्यापासून माझी झोप अशीच झाली आहे. ढोलताशानं मोडत नाही, तिनं कूस बदलली की मोडते.

ती पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. डोक्यावरून माझी शाल, मांडीत स्टीलची वाटी. वाटीत काकींनी रात्री दिलेले शेंगदाणे आणि गुळाचे खडे. तेव्हा ती चार वर्षांची होती. आता तिचे दुधाचे दात पडून नवे आले, पण त्या सकाळचा तिचा आवाज मला अजून तसाच ऐकू येतो, शालीतून आलेला, थोडा घोगरा.

“आई, बाहेर काहीच नाहीये.”

“काहीच नाही म्हणजे?”

“सगळं पुसलंय.”

मी खिडकीशी गेले. खरंच सगळं पुसलेलं होतं. धुकं कालव्यातून वर येऊन अंगणात बसलं होतं. चिंच नव्हती, पागा नव्हती, आदल्या रात्री आम्ही ज्या गाडीतून आलो ती गाडीही नव्हती. दूरच्या गुऱ्हाळाचा गोड, करपट वास तेवढा होता. आणि त्या पांढऱ्यात कुठंतरी एक घोडी उभी होती, जिच्यासाठी मी पुण्याहून फलटणपर्यंत आले होते आणि जिला मी अजून पाहिलं नव्हतं.

“ऋजू! उठलीस का गं?” पायरीवरून दौलतकाकांचा आवाज आला. “च्या मागनं घे. धुकं हाय तवर घोडी बघून घे.”

“धुक्यात काय दिसणार, काका?”

“जेवढं दिसाया पायजे तेवढंच दिसतंय. बाकीचं झाकतं. ये बिगीबिगी.”

दौलतकाका म्हणजे माझ्या वडिलांचे, दादांचे, जुने भागीदार. दोघांनी मिळून उभं आयुष्य अरबी घोडे पाळले. शर्यतीचे नव्हेत, प्रदर्शनाचे. त्या प्रदर्शनात पळापळ नसते. घोडीच्या तोंडावर नाजूक चामड्याची मोहरकी चढवून तिला रिंगणात आणायचं, दोरी सैल सोडायची आणि तिला उभं करायचं. बस्स. मान कमानीसारखी, शेपटी वर, नाकपुड्या फुललेल्या, कान पुढं, आणि डोळा असा की तिला दूरचं काहीतरी दिसतंय. जितका वेळ ती तशी उभी राहील तितका वेळ तुम्ही जिंकत असता. ती उभी राहते ती दोरी धरणाऱ्याच्या हातामुळं, असं सगळे मानतात. कुणाला हात असतो, कुणाला नसतो. गळ्यासारखंच ते.

दादांना हात होता. आमच्या झीनतला ते उभं करत तेव्हा माणसं श्वास रोखायची म्हणे. म्हणे, कारण मी ते कधी पाहिलं नाही. मी ट्रकच्या मागं असायची. उलट्या बादलीवर बसून, झीनतच्या शिंगराच्या गळ्यात हात टाकून. “तू माझं नशीब आहेस, ऋजू,” दादा म्हणायचे. “तू तिथं बसलीस की आपण जिंकतो.” मग मी बसायची. आधी शांतता ऐकू यायची, मग टाळ्या. शिंगरू ओरडायला लागलं की मी त्याचं तोंड माझ्या परकरात घ्यायची आणि त्याला सांगायची, थांब रे, आपण जिंकतोय. रात्री घरी पोचायचो तेव्हा, आमचा ट्रक कोपऱ्यावर वळायच्याही आधी, आई दार उघडून उभी असायची.

मी सोळा वर्षांची असताना दादांचा पाय मोडला, आणि त्या वर्षी झीनतला रिंगणात मी नेलं. मी दोरी सैल सोडली. झीनतनं एक लांब उसासा टाकला आणि मान खाली घातली. कान दोन बाजूंना पडले. मी बोटांनी, जिभेनं, डोळ्यांनी, येत होतं ते सगळं केलं. मागून कुणीतरी म्हणालं, “टांग्याला जुंपा तिला,” आणि माणसं हसली. दादा काठी टेकून कठड्याशी उभे होते. घरी येऊन मी मोहरकी खुंटीला अडकवली, ती पुन्हा काढली नाही. दादांनीही पुन्हा कुठल्या प्रदर्शनाचं नाव काढलं नाही. हळूहळू आमचे घोडे गेले. मग कॉलेज, बँकेतली नोकरी, लग्न, जुई. हात नसलेल्या माणसानं त्या जगात जाऊन काय करायचं?

पण स्वप्नात घोडे यायचे. धावत वगैरे नाही. नुसते येऊन उभे राहायचे, माझ्याकडे पाठ करून.

दादा गेले त्या दिवाळीनंतर दौलतकाका भेटायला आले होते. निघताना चपला घालता घालता म्हणाले, “पागा मोडतोय मी. गुडघं ऱ्हायलं न्हाईत. झीनतच्या रक्तातली एक ऱ्हायलीय, सहर. दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आदी तुला इचारतोय.”

“मला? काका, मला हात नाही. तुम्ही होतात की तिथं त्या दिवशी.”

“व्हतो,” ते म्हणाले. “म्हनूनच इचारतोय.”

निरंजन, माझा नवरा, म्हणाला, “बघून तर ये. बघायला काय जातंय?” त्याला घोड्यांमधलं काही कळत नाही, म्हणून तो असं म्हणू शकला.

तर त्या सकाळी मी स्वेटर चढवून बाहेर पडले. जुईचं बोट माझ्या हातात, तिच्या दुसऱ्या हातात वाटी. पागेच्या दारात मेहबूबभाई उभे होते. दादांच्या वेळेपासून घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, आता दाढी पार पांढरी झालेली. त्यांनी जुईकडं पाहून भुवया उडवल्या.

“ही कोन पाव्हनी? वाटीत काय आनलंय आमाला?”

“शेंगदाणे. पण ते माझे आहेत.”

“आसं? मंग चला, एक गंमत दाखवतो. पन गंमत बघायची तर गप बसाया लागतं. जमंल?”

जुईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मेहबूबभाईंच्या मागोमाग ती धुक्यात दोन पावलं गेली आणि पुसली गेली. मला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण तेवढ्यात दौलतकाका सहरला घेऊन येत होते.

आधी टापा आल्या, ओल्या मातीवरच्या, दबक्या. मग श्वासाच्या दोन वाफा. मग धुक्यालाच आकार यावा तशी ती आली, राखाडीतून पांढऱ्याकडं निघालेली. कपाळाखाली आत वळलेला तो चेहरा, ओंजळीत मावेल असं नाक, आणि डोळे, आदल्या रात्रीचा सगळा काळोख जणू तिथंच येऊन थांबला होता. मी हात पुढं केला. तिनं माझ्या तळव्यावर श्वास सोडला आणि माझ्या अंगातून काहीतरी सरसरत गेलं, मधली सगळी वर्षं उलटी पळाल्यासारखं.

“धर,” काकांनी दोरी पुढं केली.

“काका, नको.”

“धर म्हनतोय ना. हितं कोन हाय हसायला? मी आन् धुकं.”

मी दोरी धरली. दादा करायचे तशी दोन पावलं मागं सरकले, तोंड तिच्याकडं ठेवून. आणि दोरी सैल सोडली.

काही क्षण काहीच झालं नाही. मग सहरनं मान उचलली. कुणी आतून दोरा ओढावा तशी ती वर वर गेली, कमान झाली. शेपटी उठली. कान पुढं आले आणि त्यांची टोकं एकमेकांकडं कलली. नाकपुड्या फुलल्या. आणि तिचा डोळा लागला, माझ्या खांद्यावरून पलीकडं, कुठंतरी जिथं मला काही दिसत नव्हतं. ती हलत नव्हती. धुकं तिच्या पोटाखालून वाहत होतं, आणि ती पाण्यावर उभी असल्यासारखी वाटत होती.

“हात हाय की गं,” काका हलकेच म्हणाले.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायलाही हात हलवावासा वाटेना. वाटलं, सोळाव्या वर्षी रिंगणात उभी असलेली ती मुलगी आता वर बघेल, मागं कुणीही हसणार नाही, दादा कठड्यावरून मान हलवतील. मनात म्हणाले, घेणार. काहीही होवो, ही मी घेणार.

आणि तेवढ्यात धुक्यात वाजलं.

किण्.

माझी मान वळली. मी वळवली नाही, ती वळली. आवाज माझ्या मागून आला होता, पत्र्याच्या शेडच्या बाजूनं. जुई. किती वेळ झाला जुई गेल्याला? मी श्वास धरला. सगळं अंग कान झालं. पुन्हा आवाज येतो का, रडते का, पडली का? काहीच येईना, आणि ते काहीच न येणं मी एकेक करून चाळत होते.

मग मला सहर दिसली. ती माझ्या शेजारी तशीच उभी होती, मान वर, कान पुढं. आणि तिचा डोळा नेमका त्या शेडवर होता. दूरच्या कशावर नाही. आम्ही दोघी एकाच बाजूला तोंड करून, एकसारख्या उभ्या होतो.

मी काकांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते.

शेडमागून जुईची कुजबुज आली, लहान मुलांची कुजबुज असते तशी, सगळ्या गावाला ऐकू जाणारी. “शूऽऽ! गप. तुझ्या आईला कळेल ना!”

मी दोरी काकांच्या हातात दिली आणि शेडला वळसा घातला. उलट्या बादलीवर जुई बसली होती. तिच्यासमोर एक शिंगरू, काळपट, लांबच लांब पायांचं. पांढऱ्या घोड्यांची शिंगरं अशीच काळी जन्मतात आणि वयानं उजळत जातात. मेहबूबभाईंनी एका हातानं त्याची मोहरकी धरली होती, दुसरा तळवा त्याच्या नाकावर. ते वाटीत तोंड घालायला धडपडत होतं.

“आई, बघ ना, वाटी वाजवली की ते येतं! काकीआजी रोज अशीच वाजवते.”

मेहबूबभाईंनी मला पाहिलं आणि तळवा काढून घेतला. शिंगरू लगेच ओरडलं. पलीकडून सहर अशी खिंकाळली की पत्रा थरथरला.

मी त्या बादलीकडं बघत राहिले. बादलीवरच्या जुईकडं. शिंगराच्या गळ्यातल्या तिच्या हाताकडं.

“काका,” मी परत येऊन म्हणाले, “झीनतसुद्धा?”

“झीनतच. तिच्यावरनंच तर समजलं आमाला. शिंगरू डोळ्याआड ठेवायचं, पन कानाआड न्हाई. मंग घोडी कानोसा घेती. बघनाऱ्याला वाटतं, काय रुबाब!” काकांनी दोरी दुसऱ्या हातात घेतली. “सगळेच काय ना काय करत्यात, पोरी. कुनी पिशवी वाजवतं, कुनी चाबूक दाखवतं. आमचं त्यातल्या त्यात बरं वाटायचं आमाला.”

“मग मी नेलं त्या दिवशी...”

“त्या वर्षी तिला शिंगरू नव्हतं. ट्रकमागं कुनीच नव्हतं बसलेलं. कुनाचा कानोसा घ्यायची ती?”

“म्हणजे माझा हात...”

“हात कुनालाच नसतोय,” काका म्हणाले. “तुझ्या दादालाबी नव्हता.”

धुकं थोडं विरळ झालं होतं. चिंचेचा खालचा भाग दिसायला लागला होता, वरचं झाड अजून नव्हतं.

“त्यांनी मला कधी सांगितलं नाही, काका. इतकी वर्षं. मला वाटत राहिलं, माझ्यामुळं सगळं...”

“सांगनार व्हता. माझ्यासमोर तोंड उघडलं हुतं त्यानं. मंग म्हनला, नको दौलत. हात न्हाई म्हनून सोडलं तिनं तर सोडू दे. हे समजलं तर तिला घोडीकडं बघवायचं न्हाई.” त्यांनी सहरच्या मानेवरून हात फिरवला. “त्यालाच बघवंना झालं हुतं. त्या दिवशी तू रिंगनात रडत हुतीस, आन् तो कठड्याशी हुता. मान कशी घोडीवानी झाली हुती त्याची, मी बाजूलाच हुतो. त्यानंतर त्यानं मोहरकी धरली न्हाई.”

“आणि तुम्ही आज माझ्याबरोबर तेच केलंत.”

“केलं. गिऱ्हाइकाला करतो तसं न्हाई.” म्हाताऱ्यानं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. “म्हनलं, मरायच्या आदी एकदा तुझ्या हातात घोडी उभी ऱ्हावी. तुझ्या लेकीनं वाटी वाजवली नसती तर जमलंच हुतं.”

मला हसू आलं, रडता रडता. त्यांनाही आलं. मग त्यांनी हाक मारली, “मेहबूब, सोड त्याला.”

शिंगरू चौखूर आलं आणि थेट सहरच्या पोटाखाली शिरून तिला ढुशा द्यायला लागलं. आणि आमच्या डोळ्यांसमोर ती घोडी विरघळली. मान उतरली, शेपटी पडली, कान दोन बाजूंना सैल झाले, खालचा ओठ लोंबायला लागला. एक मागचा पाय दुमडून ती उभी राहिली, बाजाराच्या दिवशी एस. टी. ची वाट बघणाऱ्या बाईसारखी. नेमकी झीनत. मी तिला हरलेली समजले होते. झीनत त्या दिवशी फक्त निवांत असेल.

“आता बघ,” काका म्हणाले. “ही खरी सहर. ही पायजे का?”

मी तिच्या मानेवर कपाळ टेकवलं. ऊब होती, गवताचा वास होता, दादांच्या सदऱ्याला यायचा तो. आतमध्ये तिचं रक्त संथ चाललेलं ऐकू येत होतं. तिला माझं काहीच वाटत नव्हतं आणि मला ती हवी होती. याहून खरं कारण मला तेव्हाही सापडलं नाही, आजही सापडत नाही.

“हवी आहे,” मी म्हणाले. “दोघंही.”

“शिंगराचा शब्द गेलाय गं. मालेगावकडचा मानूस हाय, परवा न्हेनार. आन् तसंबी सहा म्हैन्याचं झालं. दूध तोडायचंच हाय आता. एक हितनं जाईल न्हाईतर दुसरं.”

हे मला माहीत होतं. अशाच घरात वाढले होते मी. शिंगरू तोडायचंच असतं. एक दिवस दोघं ओरडतात, दोन दिवस, मग खायला लागतात. जूनमध्ये जुईला बालवाडीत सोडलं तेव्हा ती मागं वळूनही न बघता आत पळाली होती, आणि मी फाटकाबाहेर उभी होते, पोरांच्या कलकलाटातून तिचा आवाज वेगळा काढत.

सहरला मी त्याच दुपारी घेऊन निघाले. सासवडजवळ एका ओळखीच्यांचा तबेला होता, तिथं जागा सांगून ठेवली होती. आमची गाडी काकांच्या पुतण्यानं पुढं नेली. मला घोडीजवळ राहायचं होतं, म्हणून जुई आणि मी घोड्यांच्या ट्रकमध्ये, मेहबूबभाईंच्या शेजारी बसलो. शिंगराला पागेत कोंडलं होतं. ट्रक सुरू झाला तसं ते ओरडायला लागलं. सहर उत्तर देत होती, आणि तिच्या प्रत्येक उत्तराबरोबर फळ्या हादरत होत्या. काकी पायरीवर पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. काका आत गेले होते.

कालव्याच्या पुलापर्यंत दोन्ही आवाज येत होते. पुलापलीकडं एकच. मग सहरही गप्प झाली.

“गप होत्यात,” मेहबूबभाई म्हणाले, रस्त्यावरची नजर न काढता. “ऐकू यायचं थांबलं की गप होत्यात.”

जुई सीटवर उलटी गुडघ्यावर बसून मागच्या जाळीतून बघत होती. “आई, ती मागेच बघतेय.”

“हो.”

“त्याला बाय केलं नाही तिनं.”

“केलं ना. ओरडून केलं.”

तेवढ्यावर तिचं समाधान झालं. ती वाटी घेऊन पुढं तोंड करून बसली. मला उगाच आई आठवली. एकदा मी तिला विचारलं होतं, ट्रक वळायच्या आत तू दारात कशी असायचीस गं? ती म्हणाली होती, आवाज यायचा ना. मी म्हटलं, एवढ्या लांबून? ती भाजी निवडत राहिली.

लोणंदला रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. मेहबूबभाईंनी इंजिन बंद केलं. समोर दोन बैलगाड्या, एक टेम्पो, सगळे गप्प, गाडीची वाट बघत. ऊन ओसरलं होतं आणि शेतांवर पुन्हा पांढरट काहीतरी उतरत होतं. त्या शांततेत जुईनं वाटीतला शेवटचा गुळाचा खडा चमच्यानं खरवडला.

किण्.

मागं टापा वाजल्या. मी वळून पाहिलं. सहरनं सबंध अंग फिरवून तोंड आमच्याकडं केलं होतं, दोरी ताणली जाईल इतकं. जाळीपलीकडं, हातभर अंतरावर. मान कमान झालेली, नाकपुड्या फुललेल्या, कानांची टोकं एकमेकांकडं कललेली. डोळा जुईच्या हातातल्या वाटीवर. अशी घोडी मी जन्मात पाहिली नव्हती, धुक्यातही नाही. टेम्पोतला माणूस खाली उतरून बघत राहिला. “काय घोडी हाय,” तो म्हणाला.

आणि मला कळलं की आता ट्रकच्या मागं कुणालाही बसवायची गरज नाही. ही एक वाटी पुरे. कुठल्याही रिंगणात, कितीही वेळ.

जुईनं चमचा वाटीपासून अलगद उचलला आणि छातीशी धरला. ती जाळीतून सहरकडं बघत होती, सहर तिच्याकडं. रुळांवरून अजून काही येत नव्हतं.

“आई,” जुई हळूच म्हणाली, आम्हा दोघींनाच ऐकू यावं इतकं हळू, “ती कधीपर्यंत ऐकत राहणार?”